पंपाचं माहेरपण

श्रावण लागला आणि माझ्या पंपानं काम बंद केलं, कारण पंचमीला त्याला माहेरी न्यायला कोणी येणार असल्याचं चिन्ह दिसत नव्हतं.

पंप विहिरीचा नव्हे. साखरेच्या आजारानं माझा पुरुषपणाचा अवयव कामातनं गेला होता. मिरजेच्या डॉक्टर इनामदारांनी त्यात दोन नळ्या बसवल्या, ओटीपोटात पाण्याची पिशवी ठेवली आणि खाली गोट्यांच्या शेजारी बोराएवढा पंप बसवला. पंप बोटानं दाबत गेलं की पाणी नळ्यांत चढतं. काम झालं की कडेचं बटण दाबायचं, पाणी परत पिशवीत. हे वाचून ज्याला तोंड वाकडं करायचं असेल त्यानं करावं. म्हातारा माणूस बायकोशेजारी नुसता घोरायलाच निजतो, असं कुणी ठरवलं मला माहीत नाही.

आजारपणाच्या वर्षांत माझी बायको हौसा मधल्या खोलीत निजायला गेली होती. मला लाज वाटू नये म्हणून. तसं ती बोलली नाही, पण मला काय कळत नव्हतं काय. पंप बसला आणि ती तिची वाकळ घेऊन परत आली. ती वाकळ पुन्हा मधल्या खोलीत जाऊ नये, एवढीच माझी काळजी होती.

आमची वेळ दुपारची. पिठाची गिरणी बंद करायची, जेवायचं आणि कडी लावायची. पोरगा इचलकरंजीला, घरात दोघंच. त्या दुपारी मी पंप दाबला तर तो खड्यासारखा कडक. हलेना.

हौसा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पडा जरा."

ती असं गोड बोलली की मला जास्त राग येतो. मी उठून डॉक्टरला फोन लावला.

"बाबा, दोन बोटांत धरा आणि घट्ट दाबा," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी पहिला दाब कडक लागतो."

"गिरणीच्या दगडाला टाकी लावण्यात जन्म गेला माझा. मला दाबायला शिकवू नका. नाही हलत."

"मग कडेचं बटण दाबून धरा, सोडा, आणि पुन्हा पंप दाबा."

"केलं."

"आत चपटा होऊन बसलाय, की फुगलेला आहे?"

"फुगलेला. रुसल्यागत."

डॉक्टरांनी विचारलं, "काही बोलला का?"

"अजून नाही."

"कोमट पाण्यात बसा. बोलला तर कारण विचारून घ्या आणि मला कळवा."

मी घंगाळात कोमट पाणी काढून बसलो. पाणी गार व्हायला आलं तेव्हा पंप बोलला. त्याचा आवाज बारीक होता, भरल्या घागरीतून यावा तसा.

"मालक, पंचमी जवळ आली."

"आली. मग?"

"मला न्यायला कोणी आलं नाही."

"तुला कशाला न्यायला येतंय कोण? तू पंप हाईस."

"दुसऱ्याच्या घरी नांदायला आलेल्याला माहेर असतं," पंप म्हणाला. "माझी ही पहिली पंचमी."

"बसवताना हे कुणी सांगितलं नव्हतं."

"सून आणताना तरी कोण लिहून देतं?"

मी म्हटलं, आधी काम चालू कर, मग बघू. पंप म्हणाला, आधी माहेरी न्यायला मुराळी, मग काम. मी त्याला दोन शिव्या दिल्या. त्यानं त्या सासरच्या माणसाच्या शिव्या ऐकाव्या तशा ऐकल्या.

हौसा न्हाणीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बरोबर हाय त्याचं," ती म्हणाली.

"तू त्याच्याकडनं बोलतीस?"

"माझा दादा होता तवर पंचमीला छकडा घेऊन दारात उभा ऱ्हायचा. दादा गेला, भाच्यानं घर इकलं. मला न्यायला कोण येत न्हाई. निदान त्याला तरी येऊ द्या."

एवढं बोलून ती चुलीकडं गेली. तिच्या माहेराचं नाव तिच्या तोंडून मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मी डॉक्टरला कारण कळवलं. ते म्हणाले, श्रावणात अशा केसेस येतात. मी म्हटलं, ह्याचं माहेर कुठलं धरायचं, हा तर परदेशातनं आलाय. डॉक्टर म्हणाले, त्यालाच विचारा. पंपाला परदेशातलं काही आठवत नव्हतं. मिरजेच्या हॉस्पिटलातलं स्टोअर, तिथलं काचेचं कपाट, वरून दुसरा खण, तेच त्याचं घर. त्याच्या खोक्याला खेटून आणखी एक खोकं होतं, तो त्याचा भाऊ. भाऊ त्याच्या आधी गेला.

"तो कुणाला बसवलाय हे मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पेशंटची गोष्ट असते. पण मी त्यांना निरोप देतो."

पंचमीच्या आदल्या दिवशी दारात एक लूना येऊन थांबली. तिच्यावरून गुलाबी फेटा बांधलेला, माझ्याच वयाचा, लांबट चेहऱ्याचा माणूस उतरला.

"मी भूपाल चौगुले, शिरोळकडचा," तो म्हणाला. "मुराळी आलाय." आणि त्यानं धोतराच्या निऱ्यांकडं नुसती मान हलवली.

हौसानं त्याच्या पायावर पाणी घातलं. आम्ही दोघं घोंगड्यावर समोरासमोर बसलो. खालून दोन्ही पंपांचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं. बहुतेक कपाटाचंच. अशा वेळी वर बसलेल्यांनी काय बोलावं ते कळत नाही.

"तुमचं कशानं?" मी विचारलं.

"प्रोस्टेट. तुमचं?"

"साखर."

"बसवला आन् चारच महिन्यांत मंडळी गेली आमची," चौगुले म्हणाला. "आता हा बसून असतो. कधी रुसत न्हाई, कधी मागत न्हाई. ह्याच्या निमित्तानं फेटा तरी बांधला."

हौसानं त्याला दुसऱ्यांदा चहा दिला.

पंप माहेरी जाणार म्हणजे मला जावं लागणार, हे सांगायला नको. हौसानं चटणी-भाकरीची शिदोरी बांधली. वर खोबऱ्याची वाटी ठेवली. मी लूनावर मागं बसलो. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "निवांत ऱ्हावा. कामाचं मनात आणू नगा."

हे ती मला म्हणाली नव्हती.

हॉस्पिटलात एस्तेर सिस्टरनी आमची वाट बघत स्टोअरचं कुलूप काढून ठेवलं होतं. पिकल्या केसांची, जाड काचेच्या चष्म्याची बाई. "आलास का रे बाबा," त्या माझ्या पोटाखाली बघून म्हणाल्या, "वाळलास की." त्यांनी मला दुसऱ्या खणाला टेकून उभं केलं. बराच वेळ मी तसाच उभा होतो. पंपात नुसती थरथर होत होती, गिरणीचा पट्टा सुरू होताना होते तशी.

मला पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली. सकाळी डॉक्टर इनामदार हातमोजे घालून आले. त्यांच्या मनात पंप उघडून बघायचं होतं. एस्तेर सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, आज पंचमी. आज चिरत नाहीत, कापत नाहीत. भाजीसुद्धा चिरत नाहीत."

"सिस्टर, तुम्ही तर चर्चला जाता."

"मी जाते. पंप जात नाही. आणि माहेरी आलेल्याच्या अंगाला आमच्या स्टोअरात सुरी लागली असं मला चालायचं नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढले आणि ओळीनं सगळी ऑपरेशनं दुसऱ्या दिवसावर ढकलली. दुपारी पुरणाची उकडलेली दिंडं आली. हॉस्पिटलच्या मागं कडुनिंबाला झोका बांधला होता. पंपांना झोका खेळायचा होता, म्हणून मी आणि चौगुले फळीवर बसलो आणि वॉर्डबॉयनं आम्हाला झोके दिले. खिडक्यांत पेशंट गोळा झाले. एकजण ओरडला, "आजोबा, पडशीला." मी त्याला म्हणालो, तू तुझी सलाइन सांभाळ. झोका वर गेला की खालून दोघं भाऊ हसायचे. चौगुलेनं डोळे मिटले होते. त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला, तरी त्यानं तो आवरला नाही.

संध्याकाळी सिस्टरनी पडदा ओढून पंप तपासला. पहिल्याच दाबाला पाणी चढलं.

"फर्स्ट क्लास चाललाय," त्या म्हणाल्या.

चालला होता, पण मिरजेत. तिकडं हौसानं एकटीपुरती दिंडं केली असतील की नुसता भात टाकला असेल, हे माझ्या डोक्यातनं जाईना. मी सिस्टरना म्हणालो, सण झाला, उद्या सोडा. पंप म्हणाला, "आपल्या आपण निघत नसतात, मालक. सासरचं माणूस आणायला येतं, मग जायचं."

"सासरचं माणूस मीच हाय की."

"तुम्ही माझ्याबरोबर आलाय. तुम्हाला धरत नाहीत."

सिस्टर म्हणाल्या, रीत तशीच आहे. मग मी गावात फोन करून हौसाला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं हौसा आली. हिरवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. वॉर्डाच्या दारातनं तिनं मला बघितलं आणि आधी विचारलं, "कसा हाय?"

"फर्स्ट क्लास हाय. चल."

पण सिस्टरनी तिला जाऊ दिलं नाही. उन्हातनं आलीस, बस म्हणाल्या. तिच्या पायावर पाणी घातलं. स्टोअरच्या पायरीवर बसवून तिच्या डोक्यावर खोबरेल तेल थापलं. मेसमधनं ताट आलं, तर सिस्टरनी स्वतः वाढलं. हौसा उठून पाणी घ्यायला निघाली. सिस्टरनी खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"इथं उठायचं नाही. इथं तू आलेली आहेस."

हौसा जेवत राहिली. भात संपत आला की सिस्टर आणखी वाढायच्या. मी दारात उभा होतो. तिला कुणी वाढलेलं मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. ती मान खाली घालून जेवत होती आणि डोक्यावरचं तेल ओघळून कपाळावर आलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

संध्याकाळी बायकांच्या वॉर्डातल्या चालत्या-फिरत्या बायकांनी झाडाखाली फेर धरला. टाके पडलेल्या बायका खुर्चीत बसून टाळ्या देत होत्या. हौसाला गाणी येत होती. मला माहीत नव्हतं. गिरणीच्या आवाजात कुणी गात असेल तर ऐकू येत नाही.

फेर संपल्यावर पंप मला म्हणाला, "निघू या. माणूस न्यायला आलंय, आता राहणं बरं नाही."

मी हौसाला हाक मारली. पिशवी उचलली. ती झाडाजवळच उभी राहिली.

"तुम्ही दोघं व्हा पुढं," ती म्हणाली. "मी ऱ्हाते."

"कुठं?"

"हितंच. माहेरी."

"तुझं कुठलं माहेर हितं? माहेर ह्याचं हाय."

पंपच बोलला. "माझ्या माहेरी राहू दे की त्यांना, मालक. कपाटात माझी जागा रिकामीच आहे."

मी एस्तेर सिस्टरकडं बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. "चार दिवस राहील," त्या म्हणाल्या. "लेकीला कोणी दारातनं परत पाठवत नाही."

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. की मी हे सगळं कशासाठी केलं. की पंप आता चालतोय. की दुपारची कडी कुणासाठी लावू. पण हौसा माझ्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा चुलीपुढचा नव्हता, गिरणीतला नव्हता. तसा चेहरा तिचा लग्नात असेल, पण तेव्हा मुंडावळ्या होत्या, नीट दिसला नव्हता.

"पैसे हायत का जवळ?" मी विचारलं.

"हायत."

"मग ऱ्हा."

एसटीनं घरी आलो, भाकरी थापता येत नाही म्हणून पोहे भिजवून खाल्ले. डॉक्टरांचा फोन आला, चालतो का विचारायला. मी तपासून सांगितलं, चालतो. ते म्हणाले, मग काही तक्रार नाही. मी म्हटलं, तक्रार कसली.

चार दिवस झाले आणि हौसाचा फोन आला. मागं बायकांचा हसण्याचा आवाज होता.

"जेवलासा काय?"

"जेवलो. कधी येतीस?"

"सिस्टर म्हणत्यात, रोडावलीस, ऱ्हा आणखी. गौरीला मी घरी पायजेच. त्याच्या आदी या न्यायला." ती थांबली. "त्यो बरा हाय न्हवं?"

"तुझी आठवण काढतो."

"त्यो काढतोय का तुम्ही?"

"दोघं काढतो."

तिनं फोन लगेच ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग कुणीतरी तिला झोक्यावर बोलावलं आणि ती गेली.

मी आत येऊन कडी न लावता पडलो. पंपानं खालून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गौरीच्या आदी न्यायला जायचं."

"सासरचं माणूस म्हणजे आपण दोघंच. आपल्यालाच जावं लागेल. फेटा आहे का तुमच्याकडं?"

मी उठलो. पेटीतनं लग्नातला फेटा काढला, पाण्यात पिळून अंगणात दोरीवर वाळत घातला. श्रावणातलं ऊन होतं, येत होतं, जात होतं. गौरी अजून बऱ्याच लांब होत्या.