रविवारी आमच्याकडे किर्स्टन आहे

इंग्रजीत माझा हात धरील असा माणूस आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात नव्हता! हे मी नाही म्हणत, आमच्या ऑफिसचे साहेब म्हणायचे. म्हणजे ते असं म्हणायचे, "जागेश्वर, तुमचं इंग्रजी फक्त तुम्हालाच समजतं." ही काय साधी गोष्ट झाली?

म्हणून त्र्याहत्तर साली 'बालमैत्री संघा'चे सेक्रेटरी दत्तोपंत परदेशी मुलांसाठी घरं शोधत फिरत होते, तेव्हा मी छाती पुढे काढून उभा राहिलो. डेन्मार्कची एक तेरा वर्षांची मुलगी तीन महिने नागपुरात शिकायला येणार होती. आमच्या घरात माणसं तीन. मी, बायको पुष्पलता आणि आई मैनाबाई. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण घरात पाळणा हलला नव्हता. बाबा होते तोवर समोरच्या खोलीत हातमाग चालायचा. बाबा गेले, मी नोकरीला लागलो, माग विकला, आणि ती खोली तशीच रिकामी पडून होती. दत्तोपंत खोली पाहून गेले त्याच संध्याकाळी पुष्पलतेनं तिथं फुलाफुलांचा पडदा लावला. मुलगी यायला अजून तीन आठवडे होते!

पण मुलगी यायचा आठवडा उजाडला, तरी दत्तोपंतांचं मन डळमळत होतं. धरमपेठेतले एक डॉक्टरही तयार होते. बंगला, बगीचा, आणि म्हणे अंघोळीला नळातूनच गरम पाणी!

"हे बघा जागेश्वरराव," पंत म्हणाले, "मुलगी अतिशय बुजरी आहे. रविवारी पाच वाजता मी तिला घेऊन येईन आणि तासभर बसेन. गर्दी नको. हार नको. भाषण तर मुळीच नको. घर शांत वाटलं तर मुलगी तुमच्याकडे. नाहीतर डॉक्टर आहेतच."

"पंत, निश्चिंत राहा! आमच्या घरात पाल चुकचुकली तरी आई विचारते, कोण बोललं!"

मुलीचं नाव पत्रात होतं. मी ते आईला वाचून दाखवलं.

"कीर्तन?" आई म्हणाली. "पोरीचं नाव कीर्तन ठेवलं?"

"किर्स्टन, माय!"

"मंग मी काय म्हणून राहिली?"

मी तो विषय तिथंच सोडला. तिथंच चुकलं!

कारण दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळावर पुष्पलतेला यमुताई भेटल्या. यमुताई म्हणजे आमच्या मोहल्ल्याचं आकाशवाणी केंद्र. फरक एवढाच, की आकाशवाणी दुपारी थोडी विश्रांती घेते. त्या दोघींचं बोलणं मला नंतर कळलं, ते असं:

"काहून वं पुष्पा, इतकी खुशीत?"

"रविवारी आमच्याकडे किर्स्टन आहे ना!"

"हो का वं माय! किती वाजता?"

"पाच वाजता येते."

"आम्ही आलो तर चालते का?"

"या ना! तुमच्याशिवाय कोण आहे आमचं?"

"आणि प्रसादाचं?"

"पोहे करून राहिली मी."

झालं! यमुताईंची घागर भरायच्या आत बातमी गोळीबार चौकापर्यंत पोचली होती.

रविवारी साडेचार वाजता मी नवा कडक बुशशर्ट घालून अंगणात उभा होतो. इंग्रजी वाक्यं घोटत होतो. तेवढ्यात दोन माणसं सतरंज्यांचं बाड घेऊन आत आली आणि मला न विचारता अंथरू लागली.

"अहो, हे काय?"

"बसू कुठं मंग आम्ही?" एक म्हणाला आणि बसलासुद्धा!

त्यामागून सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून बाबनराव आले. बाबनराव म्हणजे आमच्या बाबांचे दोस्त. सत्तरीचे, जन्मभर साड्या विणल्या आणि जन्मभर भजनात पेटी वाजवली. त्यांच्यामागे तबला, टाळ, निरांजनं घेतलेल्या बाया. आणि शेवटी श्रावण लाऊडस्पीकरवाला! तो सरळ आमच्या लिंबाच्या झाडावर चढला, कर्णा बांधला आणि खाली येऊन त्यानं आवाज दिला, "हॅलो, हॅलो! मंडळी, शांतता राखा!" त्या आवाजानं चौकातल्या टांग्याचे घोडे दचकले.

"अरे, उतरव तो भोंगा!" मी ओरडलो. "कीर्तन नाही इथं, किर्स्टन आहे!"

"तेच तर आहे गा!" सगळे म्हणाले.

"बुवा कुठून येऊन राहिले?" एकानं विचारलं.

"बुवा नाहीत हो! मुलगी आहे!"

"मुलगी कीर्तन करते? वा वा! कुठली?"

"डेन्मार्कची!"

"हे गाव कुठं आलं गा? नरखेडच्या तिकडं?"

मी कपाळाला हात लावला आणि नेमकी त्याच क्षणी दारात टॅक्सी थांबली.

आधी दत्तोपंत उतरले. अंगणात दीडशे माणूस, झाडावर भोंगा, चौरंगावर समई! पंतांचा चेहरा पाहून मला ऑडिटच्या साहेबांची आठवण झाली. त्यांच्यामागून ती उतरली. काडीसारखी बारीक, कच्च्या रेशमाच्या रंगाचे केस, आणि छातीशी घट्ट धरलेली पिशवी. ती इतकी घाबरली होती, की तिचे ओठ आणि फ्रॉक एकाच पांढऱ्या रंगाचे दिसत होते. पुष्पलता पुढं झाली, पण तिच्याआधी यमुताई पोचल्या! त्यांनी कुंकू लावलं, झेंडूचा जाड हार घातला, आणि दंडाला धरून पोरीला थेट चौरंगापाशी नेऊन उभं केलं.

"जागेश्वरराव," पंत माझ्या कानाशी कुजबुजले, "टॅक्सी मी थांबवून ठेवली आहे. डॉक्टरांकडे जाऊ."

पुष्पलतेनं ते ऐकलं. तिच्या हातातली पोह्यांची बशी कलली आणि चार दाणे खाली सांडले. ते पाहून मला काय झालं कोण जाणे! मी म्हटलं, "पंत, पाच मिनिटं द्या. पाचच!"

आता सगळा भार माझ्या इंग्रजीवर! विचार केला, पोर दोन शब्द बोलली, की लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. मी तिच्यापाशी गेलो आणि मृदू आवाजात म्हणालो, "डोंट फिअर. प्लीज ओपन माउथ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शहाण्या मुलीसारखं तोंड उघडलं. मोठ्ठं! आणि जीभ बाहेर काढून म्हणाली, "आ—!"

हे घर नाही पटलं तर डॉक्टरांकडे जायचं, असं पंतांनी तिला वाटेत सांगितलं होतं, आणि तिला मीच ते डॉक्टर वाटलो होतो!

"आ लावला! आ लावला!" सतरंजीवर गलका झाला. बाबनरावांनी डोळे मिटून पेटीवर तोच सूर धरला.

आणि इथं चमत्कार झाला. पेटीचा आवाज ऐकताच पोरीनं जीभ आत घेतली. मान वळवली. पेटीकडे पाहत राहिली. मग हार सावरत बाबनरावांपाशी गेली, खाली बसली, आणि तुटक इंग्रजीत म्हणाली, की माझ्या आजीकडे अशीच आहे, पण मोठी, पायानं हवा द्यायची! बाबनरावांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी तिचा हात धरून पट्ट्यांवर ठेवला आणि म्हणाले, "वाजव, बेटा. भाता मी मारतो."

पोरीनं एका हातानं सूर काढला, आणि आपल्या भाषेत एक गाणं म्हटलं. बारीक, पण अगदी नितळ आवाज! शेवटची ओळ परत परत येत होती, शेतकरी हाक मारतो तशी. तिसऱ्या वेळी तबला लागला. चौथ्या वेळी टाळ लागले. पाचव्या वेळी दीडशे माणसं ती ओळ डेन्मार्कच्या भाषेत म्हणत होती आणि यमुताई तर सर्वांच्या पुढं एक मात्रा!

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. लोक उठतील म्हणून मी वाट पाहतो, तर मागून आवाज आला, "जागेश्वरभाऊ, निरूपण करा! अर्थ सांगा!"

एक शब्द कळला असेल तर शपथ! पण माघार घेईन तर मी कसला? मी माइक धरला.

"मंडळी! ही बालिका म्हणते, हा संसार नाशिवंत आहे! जीवा, तू मायेच्या मोहात पडू नकोस! परमेश्वर तुला साद घालतो आहे!" माया दहा मिनिटं चालली. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

तोवर दत्तोपंतांनी मुलीला हळूच अर्थ विचारला होता. ते मोठ्यानं हसले. आणि माइक सुरूच होता!

"जागेश्वरराव, गाणं डुकराचं आहे! लठ्ठ डुक्कर शेतात शिरलंय, मुळे खातंय, मालक घरी बोलावतोय आणि ते निघत नाही!"

दीडशे माना माझ्याकडे वळल्या! धरणी दुभंगली असती तर मी श्रावणचा भोंगा घेऊन आत गेलो असतो.

पण बाबनरावांनी पेटी बंद केली आणि शांतपणे म्हणाले, "मंग काय झालं? आपलंही तसंच आहे गा. मालक हाक मारते, आपण वावरातून निघत नाही. जागेश्वरनं दहा मिनिटं लावली, डुकरानं लवकर सांगितलं."

जो हशा पिकला, तो काय सांगू! पोरीला एक शब्द कळला नाही, पण ती पोट धरून हसली. मग बायांनी तिला मधे घेतलं. कोणी वेणी घालू लागलं, कोणी संत्रं सोलून दिलं. पोहे आठ माणसांचे होते. ते दीडशे जणांत कसे वाटले गेले, ते पुष्पलतेलाच ठाऊक.

पंतांनी टॅक्सीकडे बोट दाखवून पोरीला विचारलं, "डॉक्टरांकडे जायचं? तिथं अगदी शांत आहे."

तिनं टॅक्सीकडे पाहिलं. पुष्पलतेकडे पाहिलं; तिच्या हातात कंगवा होता आणि डोळ्यांत पाणी. पोर उठली आणि तिच्या पुढ्यात पाठ करून बसली. दुसरी वेणी राहिली होती ना!

मग तिनं मला विचारलं, "दर रविवारी असतं हे?"

दीडशे माणसांसमोर मी काय बोलणार? म्हटलं, "येस! एव्हरी संडे!"

त्यामुळे ती होती तोवर तेरा रविवार आमच्या अंगणात कीर्तन झालं. किर्स्टन गायची, अर्थ बाबनराव सांगायचे. आणि मी? आईनं दुसऱ्याच रविवारी माझी नेमणूक करून टाकली.

"जागेश्वरा, पोरीचं लय चांगलं होते. तू मधात बोलू नको. दारात बस आणि लोकाइच्या चपला पाहाय."

तेरा रविवारांत एकच जोड हरवला. माझा!