आता आपण निघायचं

आत्मविश्वासाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नव्हे! इंटर्नशिपच्या अर्जात 'आपले गुण' विचारले होते, तिथे मी ठोकून दिलं, 'माणसांत मिसळण्याची विलक्षण हातोटी'. वास्तविक या शहरात आल्यापासून माझ्याशी आपणहून बोललेला एकच माणूस होता, खालचा लाँड्रीवाला. तोही "जरा बाजूला व्हा" एवढंच बोलला होता.

मामाने फोनवरून मंत्र दिला, "हे बघ, समोरच्याला 'म्हणजे काय' असं विचारायचं नाही. कळलं नाही तरी कळल्यासारखं उत्तर ठोकायचं!" मामाने आजवर एकही मुलाखत दिलेली नाही, त्यामुळे त्याचा सल्ला अनुभवाने गढूळ झालेला नव्हता. मी भाड्याच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर सराव केला. आरशातल्या साहेबाने मला दर वेळी निवडलं. गप्पा मारायला मात्र तो कधी थांबला नाही.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची. मुलाखत घेणारे सर पिकल्या मिशांचे, बोलणं लोण्यासारखं. शिपायाला म्हणाले, "आपण जरा पंखा लावायचा का?" शिपायाने पंखा लावला. मी मनात म्हटलं, वा! पंखासुद्धा मिळून लावतात!

"बरं, याआधी आपण कुठे काम केलंय?"

आपण? म्हणजे मी आणि सर? आम्ही तर आत्ता भेटलो! पण मामाचा मंत्र आठवला.

"आपण पहिल्यांदाच करतोय, सर! पण जमेल आपल्याला!"

सरांनी चष्मा पुसला. "पाच वर्षांनी आपण कुठे असणार, असं वाटतं?"

"इथेच, सर! असेच समोरासमोर!"

हसू नका. मला धरून कुणी 'आपण' म्हटल्याला कित्येक महिने झाले होते, आणि हा भला माणूस पुढच्या पाच वर्षांत मला सोबत घेऊन निघाला होता! ती इंटर्नशिप मला कामासाठी हवी होतीच. पण त्याहून जास्त हवी होती ती रोज सकाळी कुणीतरी "आलास का" म्हणावं म्हणून.

ऑफिस सुटायची वेळ झाली. सर डबा पिशवीत टाकत उठले. "ठीक आहे. आता आपण निघायचं."

मी ताडकन उठलो आणि सरांची पिशवी उचलली.

"अहो, कशाला..." सर म्हणाले.

"असू द्या, सर!"

खाली त्यांनी गाडीचं दार उघडलं. मी पलीकडून बसलो, पट्टाही लावला. सर माझ्याकडे बघतच राहिले. उतरा म्हणणं काही त्यांच्या जिभेवर येईना.

"आपण... कुठे उतरायचं?"

"तुम्ही म्हणाल तिथे!"

वाटेत त्यांनी बसथांब्यापाशी गाडी हळू केली आणि थांब्याकडे फार आशेने पाहिलं. मीही पाहिलं. "छान आहे," मी म्हणालो. सरांनी गाडी पुढे घेतली.

घरी काकूंनी दार उघडलं. "आलात? आणि हे कोण?"

"हे आपले..." सर अडखळले.

"प्लंबर! आणलात बाई एकदाचा!" काकूंनी माझा हात धरून मला थेट स्वयंपाकघरात नेलं. सिंकचा नळ ठिबकत होता. "जमेल ना रे?"

इतक्या दिवसांनी कुणीतरी हात धरला होता. अशा वेळी माणूस नाही म्हणतो का? "जमेल म्हणजे काय!" म्हणत मी काकूंनी पुढे केलेला पान्हा लावला आणि पूर्ण आत्मविश्वासाने फिरवला. नळ मुळासकट हातात आला! पाणी आधी छताला लागलं, मग सरांना. सर रांगत ओट्याखाली शिरले आणि कसाबसा कॉक बंद करून बाहेर आले. त्यांचं सगळं लोणी वितळलं होतं.

"अरे, तू आलासच कशाला!"

"तुम्हीच म्हणालात, आपण निघायचं!"

"आपण म्हणजे तुम्ही! तुम्ही निघायचं! तुमच्या घरी!"

काकूंनी एक टॉवेल त्यांना दिला, एक मला. "घरी वाट बघत असतील ना तुझी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मुलाखतीच्या तयारीत हा प्रश्न आम्ही घेतलाच नव्हता.

मग मी फरशी पुसली, काकूंनी चहा दिला, तो मी जमेल तितका सावकाश प्यायलो. शेवटी कप रिकामा झालाच.

"ये हं परत कधीतरी," काकू दारात म्हणाल्या. हे वाक्य दार लावता लावता म्हणायचं असतं, एवढं मलाही कळतं. तरी तोंडातून गेलंच.

"कधी? सोमवारी? इथे, की ऑफिसात?"

काकूंनी सरांकडे पाहिलं. सर मिशा पुसत त्यांना म्हणाले, "बघू. आपण कळवू त्याला."

हा 'आपण' मात्र मला पहिल्या फटक्यात कळला! त्यात माणसं दोनच होती, आणि दोन्ही दाराच्या आतली.