हेंद्रेपाड्याच्या टाकीवर तांबूस गनिमाची स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. शके १९१४, आंगिरा संवत्सर, आषाढमासी बदलापुरी हेंद्रेपाड्यात जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत राजश्री दिनानाथराव, अंबरनाथच्या केमिकल कंपनीत बॉयलरचे पाणी तपासणार साहेब, यांणी स्वहस्ते लिहिली. लढणार आणि लिहिणार एकच, सबब तारीफ जागोजागी येईल, ती चालवून घ्यावी.

रावांस समुद्री माशांचा शौक बहुत. मग उल्हासनगर कॅम्प तीनच्या बाजारातून काचेची टाकी, परदेशी मीठ आणि नारिंगी पट्टेदार माशांची जोडी ऐसा सरंजाम रिक्षातून आणिला, आणि टाकी हॉलच्या कोपऱ्यात स्थापिली. तो कोपरा सालोसाल गणपतीचा. त्यावरून खाविंदीण उमाबाईसाहेब यांचे फर्मान सुटले की, चतुर्थीपावेतो टाकी लख्ख दिसेल तर राहील आणि मखर शेजारी मांडू, न दिसेल तर मासे दुकानी परत जातील आणि टाकीत तांदूळ भरले जातील. रावांनी मिशीवर ताव दिल्हा. मिशी नव्हती, तरी दिल्हा.

मग गनीम आला. डायटम नामे सूक्ष्म शेवाळ, रंगाने तपकिरी, वाळूवर, दगडांवर, काचेवर ऐसे पसरले की कोणी टाकीत चहा सांडला म्हणावे. राव खासा बनियनवर, लुंगी खोचून, दात घासावयाचा जुना ब्रश उपसून चालून गेले, आणि मोठी कत्तल केली, आणि गढूळ पाणी उपसून सोसायटीच्या बोअरिंगचे ताजे पाणी मीठ कालवून भरिले. सांजेस गनीम दुपटीने हजर! मग रोज तीच घासाघाशी, रोज ताजे पाणी, आणि रोज गनीम अधिक माजला. मासे भेदरून दगडाआड दडले, खाणे टाकिले तरी बाहेर येईनात. ते पाहून रावांस फार वाईट वाटले. बाईसाहेबांनी तांदूळ निवडावयास घेतले.

श्रावणी रावांस थंडीतापाने जेर केले. पलंगावरून बादली आणविण्याचा हुकूम सोडिला, तो बाईसाहेब गरजल्या, "गुपचूप पडून राहा! टाकीला हात लावलात तर बघा."

आणि काय चमत्कार! कोणी ब्रश न उचलता, कोणी पाणी न बदलता गनीम विरळ होऊ लागला. वाळू पांढरी दिसली, मासे बाहेर खेळू लागले. राव थक्क जाहले. तेव्हा बाईसाहेबांनी विचारिले, "कंपनीत त्या बॉयलरच्या पाण्यातली सिलिका रोज तपासता ना? मग घरचं बोअरिंगचं पाणी कधी तपासलंत?"

राव बरे होताच बाटली भरून कंपनीत गेले. सिलिका इतकी निघाली की, ऐसे पाणी बॉयलरात कोणी घालिता तर रावांनीच त्यास मेमो दिल्हा असता. विरघळलेली सिलिका हाच डायटमांचा दाणागोटा. तो सरताच गनीम उपाशी मेला. तोवर रोज बादलीने रसद पोहोचविणार सरदार खुद्द राव!

चतुर्थीस बाप्पा टाकीशेजारी विराजमान जाहले. आरतीस आल्या शेजारणींनी टाकीची वाहवा केली. राव मोहीम सांगावयास घसा खाकरतात, तो बाईसाहेब म्हणाल्या, "ह्यांनी हात लावायचं सोडलं ना, म्हणून झालं हो!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फत्तेसमयी राव रणात नसून गोधडीत होते, हे कलम बाईसाहेबांनी समोर बसून लिहवून घेतले. सही दिनानाथरावांची, हुकूम उमाबाईसाहेबांचा.