उकंडरावांचा वेढा

उकंडराव भोयर यांना उघडं दार चालत नाही. खऱ्या घराचं चालतं, खेळातल्या किल्ल्याचं चालत नाही. दरवाजा सताड उघडा आहे, पहारेकरी घोरतायत, आत सोन्याचा ढीग आहे, असं मी कितीही रंगवून सांगितलं तरी ते हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा. पहिले गोफण लावू."

ही गोफण ज्वारीवरची पाखरं हाकलायची नव्हे. माणसाएवढा दगड फेकणारं, आठ बैलांनी ओढायचं लाकडी यंत्र ते. खेळाच्या इंग्रजी पुस्तकात त्याला चांगलं भारदस्त नाव आहे. उकंडरावांनी चित्र पाहिलं, "हे त आपली गोफणच हाय" म्हणाले आणि विषय संपवला.

खेळ तसा सोपा आहे. टेबलावर चौकटींचा कागद. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्राने मारलेली उडी पलीकडे पोचली की खड्ड्यात पडली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी वाशीमला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी दुपारी दोनला हा डाव माझ्या घरी बसतो. गोष्ट सांगणारा मी. बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा मोईन हा जादूगार. जऊळक्याहून इथे तलाठी भरतीचा अभ्यास करायला आलेली श्रद्धा ही चोर.

उकंडराव माझे शेजारी. दोन वर्षांपूर्वी "मारा, मारा त्याले!" असा ओरडा ऐकून ते भांडण सोडवायला धावत आले होते. पाहतात तर तीन शहाणीसुरती माणसं एका कागदावर वाकलेली. त्यांनी चष्मा चढवला, आमचा नकाशा वरून खाली पाहिला आणि विचारलं, "सर, याले स्केल कुठं हाय?"

स्केल नव्हतं. उत्तर दिशाही नव्हती. माणूस हळहळला, खुर्ची ओढून बसला आणि तेव्हापासून बसलाच आहे. मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेली. "मोजल्याबिगर बोलू नोका" हे त्यांचं पालुपद. मंगरूळपीर तालुक्यातला एकही बांध असा नाही, ज्यावर आपण शिव्या खाल्ल्या नाहीत, असं ते अभिमानाने सांगतात. शिव्या खाल्ल्या, पण मोजणी कधी चुकली नाही.

नोकरी सुटली, पण सवय सुटली नव्हती. पहिल्याच वेढ्यात त्यांनी दगड मारायच्या आधी आम्हाला किल्ल्याच्या राजाच्या नावे पंधरा दिवसांची नोटीस काढायला लावली.

"काका, हल्ला करून राह्यलो आपण," श्रद्धा म्हणाली. "नोटीस कायले?"

"लगतच्यायलेही द्या लागते. डोंगरावर तो आग ओकणारा राक्षस राह्यते ना, त्याचीबी सही घ्या. सही येत नसन त अंगठा."

राक्षसाचा अंगठा घ्यायला गेलेला मोईनचा जादूगार भाजून परत आला. उकंडरावांनी त्याचा रीतसर पंचनामा केला.

गोफण चालवायला माणसं लागतात. एकाने दगड भरायचा, दोघांनी चाक फिरवायचं, एकाने नेम धरायचा, एकाने दोर सोडायचा. ही खेळातली माणसं आमच्या लेखी नुसते आकडे. उकंडरावांनी मात्र प्रत्येकाला नाव दिलं, गाव दिलं आणि दुपारची जेवणाची सुट्टी दिली. माणसं जेवायला गेली की चाक फिरवायला जादूगार आणि चोर.

"मी जादूगार हाव का तुमचा सालदार?" मोईन वैतागायचा. "एक मंतर मारतो, दरवाजा खल्लास!"

"मंतर मार आपल्या दुकानात. अठी चाक फिरव."

एका मंत्राने होणारं काम आमच्याकडे असे चार-पाच रविवार चालायचं. मला खरं तर राग यायचा. मी तयार केलेल्या गोष्टीतली भुयारं, शाप, बोलणारे पुतळे तसेच पडून राहायचे आणि हे गृहस्थ बैलांना पाणी पाजलं का म्हणून विचारायचे.

दिवाळीनंतर श्रद्धाची परीक्षा जवळ आली. मोईनही रविवारी दुकान उघडायचं म्हणू लागला. तेव्हा ठरलं, हा चालू असलेला किल्ला पडला की खेळ बंद. कायमचा.

"बरोबर हाय," उकंडराव म्हणाले. "पोरीचा अभ्यास पहिले."

त्या रविवारी दगड तटाच्या अलीकडे पडला. पुढच्या रविवारीही अलीकडेच. तिसऱ्या रविवारी फाश्यावर चांगला वीसचा आकडा आला, तरी दगड खंदकात. मी नशिबाला बोल लावला. अंतर मोजायचं काम उकंडरावांचं होतं. ते आकडा सांगत, त्यावर मी पल्ला काढी. मोजणीदाराचं मोजमाप तपासायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

चौथ्या रविवारी मोईनने सहज म्हणून कागदावर बोट ठेवून गोफणीपासून तटापर्यंतच्या चौकटी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"काका, बारा घरं हाय. तुमी अकरा सांगून राह्यले."

उकंडरावांनी कागदाकडे पाहिलं नाही. चष्मा काढून हातात धरला.

"बाराच हाय," ते म्हणाले. "मले मालूम हाय."

"मंग काहून?"

"माही बायको हैदराबादले गेली पोरीकडं, नातू सांभाळाले. दोन वर्षं झाली. येतो येतो म्हणते. घरात मी टीव्ही लावून ठेवतो, नुसता आवाजाले." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "हा किल्ला पडला त ऐतवारी मी कुठं जाऊ?"

दोन वर्षं हा माणूस माझ्या भिंतीपलीकडे एकटा राहत होता. भिंतीतून येणाऱ्या त्या टीव्हीच्या आवाजाबद्दल मी एकदा तक्रारही केली होती. मला फार लाज वाटली.

उकंडरावांनी चष्मा पुन्हा चढवला आणि आपली वही ओढली. अकरावर सरळ रेघ मारून बारा लिहिलं, बाजूला सही केली. "खोटी मोजणी झाली माह्या हातून. चौतीस वर्षांत झाली नव्हती. फेक बाई फासा."

श्रद्धाने फासा हातात घेतला, पण ती टाकेना. "टाक," ते दरडावून म्हणाले. तिने टाकला. चौदा. तेवढे पुरेसे होते. दगड तटावर बसला, बुरूज ढासळला, वाट मोकळी झाली. इतके रविवार आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते झालं. मोईन आपल्या जादूगाराच्या सोंगटीशी चाळा करत बसला.

उकंडरावांनी पेनाला टोपण लावलं. "चला. झालं काम."

"कुठं झालं?" श्रद्धा म्हणाली. ती वहीत पाहत होती आणि आवाज अगदी परीक्षेतल्या उत्तरासारखा कोरडा होता. "तट पडला, काका. ताबा कुठं भेटला आपल्याले?"

उकंडराव अर्धवट उठलेले तसेच थांबले.

"आतमधी लोकं बसून हायेत," ती पुढे म्हणाली. "ते आपल्या मनानं उठतीन का? मी चारपर्यंतच बसत जाईन, अभ्यास हाय. पण ताबा त घ्या लागन."

"हे बराबर बोलली," मोईन घाईघाईने म्हणाला. "दुकान चारनंतर उघडतो मी."

उकंडराव हळूच खाली बसले. त्यांनी आमच्या तिघांकडे एकेकदा पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि वहीचं नवं पान उलटलं.

"ताब्याले लय टाइम लागते, बाई," ते म्हणाले. "दहा-दहा वर्षं लागलेली पाह्यली मी."