गाडी कुठं रुतली?

मी माझ्या मुलीला अपूर्णांकांची बेरीज चुकीची शिकवली.

थोडीफार नव्हे, साफ चुकीची. शिवाय गोष्ट रचून, चित्र काढून ती तिच्या डोक्यात पक्की बसवली. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, त्यामुळं एखादी गोष्ट डोक्यात बसवणं मला जमतं. ती बरोबर आहे की नाही हे तपासायची सवय मात्र नाही. रेवती तेव्हा पाचवीत होती. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर भरायचा आणि देवळालीतल्या आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी यायची. उन्हात बसलेली पोर बघून मला बापाचा उमाळा आला. म्हटलं, "चल खाली. अपूर्णांकच ना? मी शिकवतो."

"हे बघ," मी म्हणालो, "अपूर्णांक म्हणजे दोन मजली घर. वरचे पाहुणे वरच्यांना भेटतात, खालचे खालच्यांना. जिन्यातून कुणी ये-जा करायची नाही."

म्हणजे वरच्यात वरचा मिळवायचा, खालच्यात खालचा. रेवतीला ते घर इतकं आवडलं की तिनं त्याच्या खिडक्यांना पडदेसुद्धा लावले. मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकला आणि सगळं विसरून गेलो.

ते पुढं चार वर्षांनी उकरून काढलं कोल्हारकर बाईंनी. आणि हे लिहायला बसलोय तेही त्यांच्याविषयीच; मी आपला दारात उभा होतो म्हणून आधी दिसलो.

कोल्हारकर बाई आमच्याच शाळेत गणित शिकवायच्या. उंची बेताची, त्यामुळं फळ्याचा फक्त खालचा अर्धा भाग त्यांच्या मालकीचा. वरच्या अर्ध्यात कधीचा तरी सुविचार तसाच असायचा. आवाज मात्र शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. उत्तर चुकलं तर त्या कधीच "चुकलं" म्हणत नसत. डोळे बारीक करायच्या, खडू कानावर अडकवायच्या आणि विचारायच्या, "गाडी कुठं रुतली?"

त्यांचा एक सिद्धांत होता. गणित न येणारा माणूस जन्मतः तसा नसतो. तो कुठल्या तरी एका जागी रुतलेला असतो. कुणी भागाकारात, कुणी अपूर्णांकात, कुणी ऋण संख्येत. त्यानंतर तो वर्षानुवर्षं नुसता पुढच्या वर्गात ढकलला जातो, पण चाक तिथंच असतं. ती जागा शोधायची, बस्स. आणि ही शोधाशोध शाळेपुरती नव्हती. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात स्टेजवर आहेर देताना त्यांनी नवरदेवाचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "आता तरी खरं सांग. ऋण संख्येत रुतला होतास ना?" मागं आहेरवाल्यांची रांग. मुंडावळ्यांच्या आड नवरदेव घामाघूम. शेवटी म्हणाला, "होय बाई. वजा वजा अधिक का, ते कळलंच नाही कधी." बाई खाली उतरल्या त्या असल्या समाधानानं, की व्याह्यांना वाटलं ह्या मुलाच्या आत्या.

एकदा डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, तर ह्या डॉक्टरांनाच विचारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "बाई, बोलू नका, आकडा वाढतो." बाई म्हणाल्या, "बघा, विषय टाळताय. भूमिती होती का?"

आता त्यांची पद्धत सांगतो, कारण सगळी भांडणं तिच्यावरून व्हायची. दहावीच्या पोराला वर्गसमीकरण आलं नाही, तर त्या ते पुन्हा शिकवत नसत. नववीचं गणित घालायच्या. तेही नाही आलं, तर आठवीचं. असं एकेक पायरी खाली, जिथं पोराचा पाय टेकेल तिथपर्यंत. मग त्या इयत्तेच्या वर्गात, ऑफ तासाला, त्या पोरानं जाऊन बसायचं. आमच्या शाळेत ह्याला "खाली जाणं" म्हणत. मिसरूड फुटलेला नववीतला गडी पाचवीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलाय आणि शेजारची दोन वेण्यांची पोरगी त्याला लसावि समजावतेय, हे दृश्य आमच्याकडं रोजचं. पाचवीची पोरं तर "आमच्यात आज कोण येणार?" म्हणून व्हरांड्यात वाट बघत उभी असायची.

पालकांना हे कसं चालावं? एक दिवस एक बागायतदार थेट वर्गाच्या दारात आले.

"बाई, माझं पोरगं नववीत हाय. तुमी त्याला पाचवीत बसवता म्हंजे काय? गावात लई हसत्यात आमाला."

बाईंनी खडू कानावर ठेवला. "तुमची उसाची ट्रॉली रुतली तर काय करता?"

"ट्रॅक्टर लावतो म्होरं. दुसरं काय?"

"आणि नुसतं ओढलं तर?"

"आजून खाली जाती."

"मग?"

"मग काय, मागं जायाचं. चाकामागची माती काढायची, दगड घालायचं..." बोलता बोलता ते थांबले. पागोटं नव्हतं, म्हणून टोपीच मागंपुढं सरकवली. "व्हय, पर लई दिस माती काढत बसू नका म्हंजे झालं."

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच आले आणि थोरल्या पोराचंही बघा म्हणाले. थोरला पोरगा नागापूरला एमआयडीसीत नोकरीला होता.

बाईंच्या वर्गात दोन शब्दांना बंदी होती: "सोपं" आणि "उघड". एखाद्या हुशार पोरानं "हे तर उघडच आहे, बाई" म्हटलं की त्या एरवी कधी चिडत नसत तेवढ्या चिडायच्या. "ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ते उघड नसतं. त्या शब्दानं माणूस मागच्या बाकावर जातो आणि परत येत नाही." मला ह्याची गंमत वाटायची. स्टाफरूममध्ये मी मुद्दाम म्हणायचो, "बाई, चहा गार झालाय हे उघड आहे." त्या हसायच्या नाहीत. मला वाटायचं, गणिताच्या माणसांना विनोद कळत नाही.

असो. रेवती नववीत त्यांच्या हाताखाली आली. ही आमची पोर म्हणजे घरातला मिक्सर, पंखा, माझी स्कूटर, जे दिसेल ते उघडून बसणारी, आणि विशेष म्हणजे परत बसवणारी. तिला दहावीनंतर संगमनेरला पॉलिटेक्निकला जायचं होतं, मेकॅनिकलला. पण गणितात ती काठावर होती, कधी काठाखाली. सहावीपासून प्रत्येक शिक्षकानं एकच शेरा दिला होता: निष्काळजी. शेवटी तिनं आणि मी मिळून ठरवलं, की दहावीला कसंबसं गणित काढायचं आणि मग कायमचं सोडायचं. आर्ट्स घेऊ म्हणाली. मी म्हटलं, छान, मराठी घे. तिनं माझ्याकडं बघितलं ते फारसं छान नव्हतं. त्यानंतर तिनं स्कूटरला हात लावणं बंद केलं.

एक दिवस मधल्या सुट्टीत बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, तुमच्या मुलीची गाडी सापडली."

"कुठं?"

"तुमच्या अंगणात."

झालं होतं असं. बाईंनी रेवतीला नववीतून आठवीत, सातवीत, सहावीत उतरवलं, तरी पाय टेकेना. कधी उत्तर बरोबर, कधी चूक. म्हणून सगळे निष्काळजी म्हणत होते. पाचवीत पोचल्यावर ती छाती काढून म्हणाली, "अपूर्णांक येतात मला. पप्पांनी शिकवलेत." आणि तिनं फळ्यावर दोन मजली घर काढलं. पडद्यांसकट. चार वर्षं ती पोर कधी शाळेची रीत वापरत होती, कधी बापाची. जेव्हा घाबरायची, तेव्हा बापाची.

"मग तिला बरोबर काय ते सांगा ना," मी म्हणालो.

"सांगितलं. ऐकत नाही. म्हणते, पप्पांचं बरोबर असणार, मीच कुठं तरी चुकते." बाईंनी खडू कानावर अडकवला. "तिला वर काढायचं, तर आधी तुम्हाला खाली जावं लागेल."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण मी आधीच सांगितलंय, त्यांना चेष्टा येत नव्हती.

अशा रीतीनं, सर्वांगसुंदर टक्कल आणि वीस मिनिटं निबंधावर बोलण्याची ख्याती असलेला मी, पाचवीच्या बाकावर जाऊन बसलो. बाक इतका बुटका, की बसलो ते सोपं होतं, उठायला दोन पोरं लागली. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "सर, अर्धी भाकरी खाल्ली. मग आणखी अर्धी खाल्ली. किती झाली?"

"एक."

"आता तुमच्या घराच्या रीतीनं करा."

मी फळ्यावर लिहिलं. वर एक आणि एक, दोन. खाली दोन आणि दोन, चार. दोन चतुर्थांश.

"म्हणजे?"

"म्हणजे... अर्धी."

"उरलेली अर्धी कुठं गेली?"

"सरांनी खाल्ली!" सगळा वर्ग ओरडला. माझ्या पोटाकडं बघता आरोपात तथ्य होतं.

मी पुढचे बरेच दिवस खाली गेलो. दोन वेण्यांची ती पोरगी माझी गुरू झाली. "सर, आधी तुकडे सारखे करा. मग मोजा. वेगवेगळे तुकडे मोजत्यात का कुठं?" असं ती मला रागावून सांगायची. व्हरांड्यातून जाणारे सहकारी खिडकीशी थांबत आणि घसा खाकरत. खाली आलेल्या सातवीच्या एकानं तर माझ्याकडं पेन्सिल उसनी मागितली, वर्गबंधू समजून. बाई मात्र दाराशी उभ्या राहून बघत असायच्या. फार एकाग्रपणे. मला वाटायचं, माझ्या चुका टिपतायत.

मग एका संध्याकाळी मी रेवतीसमोर भाकरी घेऊन बसलो आणि ते दोन मजली घर माझ्या हातानं पाडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तुकडे जुळवले, मोडले, परत जुळवले. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पप्पा, मी ढ नव्हते?"

"नव्हतीस. ते घर मी बांधलं होतं," मी म्हणालो. ती उठली, पाना घेतला आणि अंगणात जाऊन माझी स्कूटर उघडून बसली.

त्यानंतर ती पायरीनं वर आली. सहावी, सातवी, आठवी, सगळीकडं ऑफ तासाला बसून. दहावीत वर्गसमीकरणांपाशी पोचली, तेव्हा बाईंनी तिला फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात गणित सोडवायला लावलं, सुविचार पुसून. गणितात किती गुण मिळाले ते सांगत नाही, बाईंना मिरवणं आवडत नाही. एवढंच सांगतो, की मराठीपेक्षा जास्त होते. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल मिळालं.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल दिली, भाषणं झाली, अध्यक्षांनी "बाईंनी गणित सोपं केलं" म्हटल्यावर त्या खुर्चीत ताठ झाल्या, एवढीच गडबड.

रेवतीला होस्टेलवर सोडायला शेजाऱ्यांची मोटार मागून घेऊन आम्ही संगमनेरला निघालो, तर बाई रस्त्याला उभ्या. हातात डबा, खांद्याला शाळेतल्या पोरांसारखी पिशवी. "मला तिथल्या डिग्री कॉलेजपाशी सोडा," म्हणाल्या आणि मागं रेवतीशेजारी बसल्या.

प्रवरेचा पूल आला तेव्हा रेवतीनं सहज विचारलं, "बाई, तुमची गाडी कुठं रुतली होती?"

मी आरशात बघितलं. बाईंचा हात सवयीनं कानाकडं गेला. तिथं आता खडू नव्हता.

"हे मला कुणी कधी विचारलंच नाही बघ," त्या म्हणाल्या. "एम.एस्सी.ला होते पुण्याला. आमचे एक प्राध्यापक फळ्यावर एक ओळ लिहायचे, 'हे तर उघडच आहे' म्हणायचे आणि पुसून टाकायचे. सगळे माना हलवायचे. मीही हलवायची. परीक्षेच्या आधी ट्रंक उचलली आणि घरी आले. आईला सांगितलं, पुण्याचं पाणी बाधलं. तेच सगळ्यांना सांगत आले."

मला माझा तो गार चहा आठवला. गिअर बदलायचं कारण नव्हतं, तरी बदलला.

कॉलेजच्या फाटकापाशी गाडी थांबवली. बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, कधी काळी भागाकारात रुतलेली, आता तिथं गणित शिकवते. तिच्या बी.एस्सी.च्या वर्गात मागं बसायची परवानगी बाईंनी मिळवली होती. "एम.एस्सी.त रुतले असं समजत होते इतकी वर्षं. खाली उतरून बघितलं, तर रुतले होते ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिथून बसते आता."

पोरंपोरी हसत खिदळत आत चालली होती. बाईंनी पदर सारखा केला, पिशवी सारखी केली, पण पाय उचलेना. मला राहवलं नाही. खाली उतरून म्हटलं, "बाई, ह्या वयात, ह्या पोरांत... एवढं धाडस तुम्ही आणलंत कुठून?"

बाईंनी माझ्याकडं नेहमीसारखे डोळे बारीक करून बघितलं.

"तुम्हाला पाचवीत बसलेलं बघितलं ना, तेव्हाच ठरवलं. म्हटलं, ह्या माणसाला अपूर्णांक येऊ शकतात, तर मला काहीही येईल."