दादा प्रत्येक पानावर

"प्रिंटरशी आडून आडून बोलायचं नसतं, वहिनी! त्याला थेट हुकूम सोडायचा असतो!" हुकूमरावांनी छाती पुढे काढून सांगितलं.

दादा गेल्यापासून वहिनी ना रडल्या होत्या, ना कोणाशी धड बोलल्या होत्या. नुसत्या दाराकडे बघत बसायच्या. ती त्यांची जुनी सवय. दादा म्हणजे जन्माचा उशिरा येणारा! स्वतःच्या लग्नालासुद्धा पाहुणे ताटकळून कंटाळल्यावर पोचला होता. दर वेळी नवं कारण, आणि ते सांगताना असा हसायचा की रागावणाऱ्याचीच पंचाईत.

संध्याकाळी त्याची शोकसभा होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दादाचा फोटो आणि दोन ओळी छापलेला एक कागद द्यावा, एवढीच वहिनींची इच्छा होती.

"छपाईच्या दुकानात देऊन या ना, भाऊजी."

"दुकान कशाला? मी काय मेलोय?" हुकूमराव बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"हे एक काम तरी धड करा," वहिनी पुटपुटल्या.

हुकूमराव हे नाव दादानेच ठेवलेलं. घरात यांचं मांजरसुद्धा ऐकायचं नाही, पण ऑफिसातला लेझर प्रिंटर ऐकायचा. इतर लोक तयार प्रोग्राम वापरत. हे मात्र प्रिंटरला स्वतः लिहिलेल्या आज्ञा पाठवत. इथून रेघ ओढ, हा ठिपका काळा कर, तो पांढरा सोड! लहानपणापासून यांनी घातलेला प्रत्येक घोळ दादाने निस्तरला होता. आता त्याच्यासाठी हे शेवटचं काम तरी बिनचूक व्हायला हवं होतं.

सकाळी ऑफिसात बसून त्यांनी दादाचा चेहरा ठिपक्या-ठिपक्याने आज्ञांमध्ये उतरवला. आता अशा प्रत्येक आज्ञेआधी एक न दिसणारी खूण पाठवावी लागते. ती असली तरच प्रिंटरला कळतं की हा हुकूम आहे, मजकूर नव्हे. घाईत नेमकी तीच राहिली! प्रिंटरने हुकूम पाळायचं सोडून हुकूमच छापायला घेतले. आकडे, अक्षरं, चिन्हं, पानामागून पान!

"हे काय दळण चाललंय?" साहेब केबिनमधून ओरडले.

"चाचणी आहे, साहेब!"

"कागद संपू देत, मग तुमचीच चाचणी घेतो!"

दुसऱ्या खेपेला जमलं. काळ्या चौकटीत दादा हसत बाहेर आला, आणि हुकूमरावांना हुंदका आवरेना. मग त्यांनी आपली अक्कल पाजळली. दर पानाला एवढं चित्र पुन्हा कशाला पाठवायचं? 'हे लक्षात ठेव आणि येईल त्या पानावर छाप,' असा हुकूम त्यांनी सोडला. दादाचे कागद भराभर निघाले. गठ्ठा टेबलावर पालथा ठेवून हुकूमराव डोळे धुवायला गेले. 'आता विसर' हा हुकूम द्यायचा मात्र राहूनच गेला!

परत येतात तो हिशेबनीस बाई भिंतीला टेकून उभ्या!

"पगाराच्या कागदावर मेलेला माणूस! आणि हसतोय!"

मागोमाग साहेब आले. प्रत्येक टेबलावर ठेवायची सूचना त्यांनी छापली होती. तो अख्खा गठ्ठा नाचवत त्यांनी हुकूमरावांच्या टेबलावर पालथा आपटला.

"कोण हा? कुठल्या विभागातला?"

"माझा भाऊ, साहेब."

"त्याला इथे कोणी घेतलं?"

"वारला, साहेब."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "वाईट झालं. पण... त्याला प्रिंटरमधून काढा. आणि हे सगळं फाडून टाका."

'विसर' ही आज्ञा एका ओळीची. पण हुकूमरावांचं बोट काही केल्या बटण दाबेना. आपणच दादाला दुसऱ्यांदा पोचवतोय, असं वाटलं त्यांना. शेवटी डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं. पुढचं पान कोरं आलं. ते कोरं पान बघवेना! रडत रडत त्यांनी टेबलावरचा एक पालथा गठ्ठा फाडला, दुसरा पिशवीत घातला आणि घर गाठलं.

शोकसभेत कागद वाटले गेले. आधी कागद डोळ्यांजवळ गेले. मग खोकले. मग कोणीतरी रुमाल तोंडात कोंबला. हुकूमरावांनी आपला कागद सरळ करून बघितला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दादा हसत होता आणि त्याच्या कपाळावर आडवं छापलेलं होतं: 'उशिरा येणाऱ्यांची यापुढे गय केली जाणार नाही. कारणं सांगत बसू नये.'

फाडला होता तो दादाचा गठ्ठा!

वहिनींनी कागद वाचला. परत वाचला. आणि त्या हसायला लागल्या, अगदी पोट धरून. हसता हसता रडू फुटलं, इतक्या दिवसांचं साचलेलं.

"जन्मभर वाट बघायला लावली हो यांनी," त्या म्हणाल्या, "आणि जायची वेळ आली तेव्हा कसली घाई झाली होती?"

वहिनींनी कागद उराशी धरला.

"वहिनी, चुकलं माझं. त्याचं काय झालं..." हुकूमरावांनी तोंड उघडलं.

वहिनींनी डोळे पुसले आणि दादाच्या कपाळावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.