टिटवीचा चार्ज

टंकलेखिकाबाईंनी आणून दिलेला कागद पोचनानांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि समाधानाने मान हलवली. कागदावर लिहिलं होतं, "उद्याच्या कार्यक्रमापूर्वी बाराही गाड्यांचा पूर्ण चार्ज द्यावा. एकही गाडी राहता कामा नये." खाली मालकीणबाईंची, म्हणजे ताईसाहेबांची, सही होती.

नाना टिटवी सायकल कंपनीचे स्टोअरकीपर. एकतीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय स्टोअरमधून टाचणीसुद्धा बाहेर पडली नव्हती. पाण्याचा पेला दिला तरी हा माणूस पोच मागेल, असं कारखान्यात म्हणत, आणि म्हणूनच नुसत्या नानांचे पोचनाना झाले होते. टिटवी सायकल म्हणाल तर घरोघरची. आजोबा तिच्यावरून कामाला गेले, आई तिच्यावरून शाळेला गेली, आणि अजूनही कुठल्या ना कुठल्या जिन्याखाली एक तरी टिटवी उभी असतेच. पण प्रेमाने पोट भरत नाही. जिन्याखालची टिटवी मोडेना, त्यामुळे नवी कोणी घेईना. वडिलांच्या मागे कारखाना हाती आल्यावर ताईसाहेबांनी सरळ ठरवून टाकलं की यापुढे टिटवी विजेवर चालणार.

मग सहा महिन्यांपूर्वी नवी इमारत आली, नवा बॅटरी इंजिनिअर आला, आणि जुन्या शेडमधल्या बारा फिटरांच्या तोंडचं पाणी पळालं. स्पोक भरणं आणि चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डगमगणारं चाक सरळ फिरायला लावणं, यात त्यांची हयात गेली होती. विजेशी त्यांचा संबंध म्हणजे पंख्याचं बटण. ताईसाहेब वाईट बाई नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. "नाना," त्या त्याच दिवशी सकाळी म्हणाल्या होत्या, "नव्या कामात जुनी माणसं चालतील की नाही, ते मला उद्या कळेल. म्हणून हे काम मुद्दाम तुमच्याकडे देतेय." म्हणजे काम फत्ते झालं तर जुनी शेड राहणार. नाही तर बारा फिटर आणि तेरावे नाना, सगळ्यांना घरी बसून नातवंडं खेळवायची. नानांच्या दोन फिटरांची तर मुलंच अजून कॉलेजात होती.

आता खरी गंमत इथेच आहे. ताईसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, "गाड्यांना पूर्ण चार्ज द्या." पण टंकलेखिकाबाईंनी आयुष्यभर बदल्यांचे आणि निवृत्तीचे हुकूम टाइप केलेले. अमुक विभागाचा चार्ज द्यावा, तमुक कपाटाचा चार्ज घ्यावा. त्यांच्या बोटांनी विचार न करता 'ना'चा 'चा' केला. ताईसाहेबांनी घाईत न वाचता सही केली. एका अक्षराचा फरक. पण कारकुनी जगात एका अक्षरावरून माणसाचं पेन्शन अडतं, तिथे बारा सायकलींचं काय घेऊन बसलात.

चार्ज द्यायचा म्हणजे ताबा द्यायचा, हे नानांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. प्रश्न एवढाच होता की घेणार कोण. गाड्या बारा आणि फिटरही बाराच, हे लक्षात आल्यावर नानांना ताईसाहेबांचं मन एकदम कळलं. बाईंनी एकेक गाडी एकेका जुन्या माणसाच्या नावावर करायचं ठरवलं होतं तर! मग नानांनी कंबर कसली.

जेवणाच्या सुट्टीनंतर बाराही फिटर स्टोअरसमोर रांगेत उभे राहिले आणि नानांनी यादी वाचायला घेतली. घंटा एक, सीट एक, ब्रेक दोन. बॅटरीचं नाव काय लिहावं ते कळेना, म्हणून 'डबा काळा, वजनदार, न उघडणारा, नग एक' अशी नोंद झाली. प्रत्येक गाडीबरोबर एक जाड वायर आली होती. ती गाडीला कुठेच लावलेली नाही, तेव्हा ती गाडीचा भाग नव्हे, असा निर्णय देऊन नानांनी बाराही वायरी कपाटात ठेवल्या, कुलूप घातलं आणि वर लाखेचं सील ठोकलं.

पण चार्ज असा यादीवर घेत नाहीत. वस्तू चालू स्थितीत आहे याची खात्री करून घ्यावी, असा नियमच आहे. खात्री करायला फिटरांची ना कशी असेल? दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवून पाहिले, मग अंगणात गाड्या काढल्या. पायडल न मारता गाडी पळते म्हटल्यावर एकेकाचं वय वीस वर्षांनी उतरलं. थोरला फिटर तर बत्तीस फेऱ्या मारूनही म्हणे, "अजून खात्री वाटत नाही." गाड्या आल्या होत्या त्याच पाव बॅटरी भरून. संध्याकाळी पाच वाजता त्या एकेक करून मंदावल्या, तेव्हा 'यंत्र दमले, विश्रांती दिली' असा शेरा मारून नानांनी बारा सह्या घेतल्या आणि समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहाला कार्यक्रम होता. गावोगावचे चाळीस दुकानदार मांडवात येऊन बसत होते. त्यांनी माल उचलला तर टिटवी उडणार, नाही तर बसणार, असा सरळ मामला होता. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चांगला छातीवर येणारा चढ होता आणि तो चढ गाड्या विजेवर चढणार, हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग होता. साडेनऊला इंजिनिअर स्टोअरपाशी आला. दोन दिवस तो मांडवातल्या पडद्याच्या आणि माईकच्या मागे होता.

"नाना, चार्ज झालाय ना सगळा?"

"कालच. बाराच्या बारा."

"पूर्ण?"

"माझ्याकडे अर्धवट काम नसतं."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के. सह्या आहेत."

सह्या कशाला, असा प्रश्न इंजिनिअरच्या मनात आला, पण जुन्या माणसांच्या काही पद्धती असतात म्हणून त्याने तो सोडून दिला. मग त्याने पहिल्या गाडीचं बटण दाबलं. दुसऱ्या गाडीचं दाबलं. बाराव्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"नाना, चार्जर कुठायत? त्या वायरी?"

"अगदी सुरक्षित," नाना म्हणाले. "सील केल्यात."

पुढची पाच मिनिटं इंजिनिअर काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. नानांना मात्र सगळं हळूहळू उलगडत गेलं. त्यांनी खिशातून कागद काढून पुन्हा वाचला. बारा माणसांची रोजीरोटी त्यांनी स्वतःच्या हाताने कपाटात कोंडून वर सील मारलं होतं. बॅटऱ्या भरायला चार तास लागतात, आणि हातात होती वीस मिनिटं. त्यांना रडूच आलं असतं, पण रडायलाही वेळ नव्हता.

"गाडी पायडलने चालते की नाही?" त्यांनी विचारलं.

"चालते. पण त्या चढावर, एवढा डबा घेऊन? आणि आपण ज्या पोरांना चालवायला बोलावलंय ती एवढी काटकुळी—"

"पोरांचा प्रश्नच नाही. चार्ज ज्यांच्या नावे आहे तेच चालवतील."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. नानांनी बाराही फिटरांना बाजूला घेतलं आणि काही न लपवता सांगून टाकलं. कोणी नानांना बोल लावला नाही. उलट थोरला फिटर म्हणाला, "खात्री जरा जास्तच झाली, ती आमचीच चूक." मग वेळ न घालवता त्यांनी पाने काढले. सीट वर घेतल्या, ब्रेक सैल केले, साखळ्यांना तेल दिलं, चोवीसही चाकांचा आऊट काढला. वीस मिनिटांत त्या माणसांनी गाड्यांवर असा हात फिरवला की इंजिनिअर तोंड उघडं टाकून बघत राहिला. निघताना नानांनी एकच सूचना दिली. चढावर धापा टाकायच्या नाहीत, आणि दात दिसतील असं हसायचं.

ताईसाहेबांचं भाषण संपलं आणि पन्नाशी-साठीतले बारा गडी रांगेने चढाला लागले. दुकानदार उठून उभे राहिले. मांडवाच्या कडेला उभ्या नानांचे पाय जागच्या जागी पायडल मारत होते. सातव्या फिटरचं हसू निम्म्यात वाकडं झालं, थोरल्याचे कान लाल झाले, पण एकाचाही पाय जमिनीला लागला नाही. टाकीपाशी पोचल्यावर टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. नानांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि नेमकं तेव्हाच एक दुकानदार पुढे आला.

चाळीसांत तो सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जाडा. तो म्हणाला, मी स्वतः चालवून पाहणार. ताईसाहेब हौसेने हो म्हणाल्या. थोरल्या फिटरने गाडी खाली आणून दिली, आणि इतक्या संकटातही नानांनी आधी दुकानदाराची सही घेतली. दुकानदार हलत डुलत चढ चढला, वळला, वाऱ्यासारखा खाली आला. घामाने निथळलेला तो माणूस ताईसाहेबांसमोर उभा राहिला.

"वीज कुठाय हिच्यात?"

इंजिनिअर सारवासारव करायला सरसावला, पण नानांनी त्याला हाताने मागे सारलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

"वीज नाही," नाना म्हणाले. "चूक माझी आहे. ताईसाहेबांची नाही, या बाराजणांची तर नाहीच. हे सगळे पायाने चढले. तुम्हीही पायानेच चढलात. मला आजच काढा, पण शेड बंद करू नका."

ताईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुकानदार मात्र वळून चढाकडे बघत होता.

"तो चढ मी चढलो? मी?" त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "दुकानाचा जिना चढताना दोनदा बसतो हो मी." मग तो बाकीच्यांकडे वळला आणि सांगू लागला, की दुसऱ्या कंपन्यांच्या विजेच्या गाड्या त्यानेही विकल्यात. डबा संपला की गिऱ्हाईक गाडी ढकलत दुकानात आणतं आणि वर दुकानदारालाच शिव्या घालतं. ही मेलेल्या डब्याचं ओझं घेऊन त्याच्यासारख्याला वर नेते, तर डबा काढल्यावर काय पळेल. तेव्हा त्याला ही अशीच हवी, हाच हात फिरलेली. फक्त तेवढा डबा काढून द्या.

बघता बघता मागणीच्या फॉर्मसाठी झुंबड उडाली. चाळीसांपैकी एकतीस जणांनी बिनडब्याची टिटवी मागितली. वीज मागणारे नऊच निघाले. ताईसाहेबांनी फॉर्मांचे ते दोन गठ्ठे दोन हातांत तोलून पाहिले. मग नानांना एवढंच म्हणाल्या, की जुन्या शेडमध्ये उद्यापासून माणसं वाढवावी लागतील. नव्या इमारतीचं काय करायचं ते त्या बघतील.

दुपारी मांडव उतरला. फिटर पोटऱ्या चोळत शेडमध्ये बसले होते आणि प्रत्येक जण आपणच कसे आधी पोचलो ते सांगत होता. नाना स्टोअर बंद करायला गेले, तर पायरीवर बॅटरी इंजिनिअर बसलेला. सकाळचा आवेश कुठल्या कुठे गेला होता. तो हळूच म्हणाला, "नाना, आऊट काढायला शिकायला किती दिवस लागतात?"

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. गेले सहा महिने रोज सकाळी दाढी करताना त्यांना आरशात हाच दिसत आला होता. त्यांना त्या माणसाची फार दया आली.

"बाह्या वर करा," ते म्हणाले, आणि त्याला शेडकडे घेऊन गेले.